साडेपाच किलोंचे बासष्ट हजार

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मानपाड्याला राहते, वय ४३, बँकेत नोकरीला. लॉकडाऊन उठल्यावर २०२० मध्ये मी २१ गिअरची, पुढे शॉकअप असलेली, जाड दात्यांच्या टायरची सायकल घेतली. तेव्हा १४ हजार पडले. शनिवार-रविवारी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप उपवनला जमतो आणि येऊरचा डोंगर चढतो. मी कायम शेवटची. बाकीचे वर पोहोचून चार मिनिटं माझी वाट बघत थांबतात आणि मी पोहोचले की लगेच "चला" म्हणून निघतात. म्हणजे विश्रांती त्यांना, मला नाहीच. घरी आल्यावर गुडघेही दुखतात. सायकल काट्यावर घातली तर १६.२ किलो भरली. दुकानदार १०.८ किलोंची दाखवतोय, ६२ हजारांना. तो म्हणतो, "मॅडम, सगळा खेळ वजनाचा आहे. जीएसटी बारावरून पाचवर आलाय, आता नाही तर कधी घेणार?" यजमान म्हणतात, "त्यापेक्षा तू पाच किलो कमी कर, फुकटात होईल." (माझं वजन ६६ आहे.) सायकल तशी चांगली चालते. डावीकडचा गिअर १ वर जात नाही एवढंच, पण तो मी वापरतच नाही. आणि हो, आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. खाली सायकल ठेवू देत नाहीत, म्हणून रोज तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यावी लागते. घेऊ का नवी?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही दुकानदाराच्या भाषेत विचारलात, पण उत्तराचा मोठा भाग पत्राच्या शेवटच्या चार ओळींत स्वतःच लिहून ठेवलाय. तिकडे येतेच. आधी यजमानांचा समाचार घेऊ.

गणितात ते बरोबर आहेत. चढावर पृथ्वी सायकल वेगळी आणि स्वार वेगळा असं मोजत नाही, ती बेरीज ओढते. मात्र पाच किलो कमी करणं ज्यांना फुकटातलं काम वाटतं, त्यांनी ते कधी केलेलं नसतं. एवढं माझ्या नावावर सांगा.

आता ती बेरीज करू. तुम्ही ६६, सायकल १६.२, पाण्याच्या बाटल्या, कुलूप, पंप, पंक्चरचं सामान, मोबाइल असे मिळून २.८ धरू. झाले ८५ किलो. नवी सायकल आली की ७९.६. सायकल एक तृतीयांशाने हलकी झाली, पण वर चढवायचा ऐवज हलका झाला फक्त सहा टक्क्यांनी. पायांतली ताकद तेवढीच राहिली तर चढाचा वेळही साधारण सहा टक्केच वाचणार. तुम्हाला येऊर चढायला सोळा मिनिटं लागतात असं धरलं, तर वाचलं जेमतेम एक मिनिट. ग्रुप चारऐवजी तीन मिनिटं थांबेल आणि मग "चला" म्हणेल.

६२ हजारांना ५.४ भागिले, तर किलोला साडेअकरा हजार पडतात. आमच्या जांभळी नाक्याच्या बाजारात वेलचीसुद्धा इतकी महाग नाही.

त्यातही तो १०.८ चा आकडा नीट तपासा. कंपन्या सायकलचं वजन सांगतात ते बहुतेक वेळा पायडलशिवाय आणि लहान मापाच्या फ्रेमचं. त्यावर पायडल चढवा, स्टँड लावा, बाटलीचा पिंजरा, दिवा, घंटी लावा. जूनमध्ये मडगार्ड लावाल, कारण ठाण्याच्या पावसात मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. एवढं करेपर्यंत किलो-सव्वा किलो आरामात चढतो. दुकानात जाताना बॅगा मोजायचा हुकाचा काटा घेऊन जा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

हे सगळं मी शहाणपणाने बोलतेय असं वाटेल. तसं नाही. मी स्वतः हा खड्डा खणून त्यात पडलेली बाई आहे. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि २०१७ मध्ये निवृत्त झाले. हातात फंडाचे पैसे आले आणि पहिल्याच महिन्यात ७२ हजारांची सायकल घेतली. जुनी १५.८ किलोंची, नवी १०.४ ची. फरक नेमका तुमच्याइतकाच, ५.४. मुलगा म्हणाला, "आई, तुला फरक कळणार नाही." मी म्हटलं, मोजून दाखवते.

मग बारा फेऱ्या केल्या. सकाळी सहा वाजता, त्याच रस्त्याने, येऊरच्या नाक्यापासून ठरलेल्या एका झाडापर्यंत. कुठली सायकल न्यायची ते नाणं उडवून ठरवायचं, म्हणजे "आज पाय हलके आहेत, आज नवी नेऊ" असा लबाडपणा होणार नाही. नाण्याची कल्पना माझी नव्हे. इंग्लंडमधले डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज नावाचे भूलतज्ज्ञ शेफील्डहून चेस्टरफील्डच्या इस्पितळात सायकलने जात असत, जाऊन-येऊन २७ मैल, म्हणजे ४३ किलोमीटर. त्यांच्याकडे १३.५ किलोंची जुनी पोलादी सायकल होती आणि ९.५ किलोंची नवी कार्बन फायबरची. २०१० मध्ये जवळजवळ सहा महिने, सायकलने जायच्या दिवशी एक पौंडाचं नाणं उडवून त्यांनी सायकल निवडली आणि वेळ लिहून ठेवला. सरासरी आली ती अशी : पोलादी एक तास ४७ मिनिटं ४८ सेकंद, कार्बन एक तास ४८ मिनिटं २१ सेकंद. हलकी सायकल अर्ध्या मिनिटाने मागेच! एवढा फरक योगायोगाचा असू शकतो, तेव्हा जड सायकल जलद असते असा अर्थ काढायचा नाही. चार किलो कमी होऊन घड्याळाला पत्ता लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं.

माझा निकाल मात्र झकास आला. नवी : १३ मिनिटं १० सेकंद. जुनी : १५ मिनिटं. एक मिनिट ५० सेकंदांचा फरक! मी वहीत आलेखसुद्धा काढला. तो घेऊन नौपाड्यातल्या माझ्या मेकॅनिककडे मिरवायला गेले. तो माझाच विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला. त्याने आलेख बघितला, हात पुसले आणि विचारलं, "बाई, टायर सारखे केले होते का?"

बत्तीस वर्षं मी मुलांना घोकून घेतलं होतं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नव्या सायकलला अरुंद, गुळगुळीत टायर होते. जुनीला शेतात चालवायचे असावेत तसे दात्यांचे. त्याने जुनीला गुळगुळीत टायर घातले आणि नीट हवा भरली. पुन्हा सहा फेऱ्या केल्या. जुनी सायकल १४ मिनिटं २ सेकंदांवर आली. म्हणजे ७२ हजारांतून ५२ सेकंद मिळाली आणि दोन टायरांतून ५८.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पैसे कुठे घालायचे ते यावरच ठरेल.

ज्या रस्त्यावर शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची वाढते, असा मध्यम चढ घ्या. तिथे सायकलचं सगळं वजन तुमच्या पायांवर येत नाही. ते चाकांवर, चाकांमार्फत रस्त्यावर असतं. तुमच्या वाट्याला येतो विसावा भाग. म्हणजे तुमचे ते मौल्यवान ५.४ किलो येऊरच्या चढावर २७० ग्रॅम होऊन येतात. एक मोठा कांदा.

आता टायर. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, चाक पुढे गेलं की पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली ताकद तो पूर्ण परत देत नाही. रबरी चेंडू सोडला तर उसळून पहिल्या उंचीपर्यंत येत नाही, तसंच. उरलेली ताकद उष्णतेत जाते. दाते जाड आणि हवा कमी, की हा तोटा वाढतो. तुमच्या ८५ किलोंना डांबरी रस्त्यावर दात्यांच्या, अर्धवट हवेच्या टायरवर नुसतं पुढे सरकवत ठेवायला साधारण एक किलो वजनाइतका जोर सतत लागतो. चांगल्या गुळगुळीत टायरला सहाशे ग्रॅमच्या आसपास. वाचले चारशे. आणि हे चारशे ग्रॅम फक्त येऊरला नाही, मानपाड्याहून उपवनला जाताना सपाट रस्त्यावरही वाचतात, जिथे सायकल हलकी असण्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

सिग्नलचं काय, असं कुणीतरी विचारेलच. थांबलेली सायकल ताशी १८ किलोमीटरवर आणायला जेवढी ताकद लागते, तेवढ्यात ती सव्वा मीटर वर उचलली जाते. म्हणून घोडबंदर रोडवरचा प्रत्येक सिग्नल हा सव्वा मीटरचा चढ समजा. शंभर मीटर उंच चढणं म्हणजे अठ्ठ्याहत्तर सिग्नल. मेट्रोच्या खांबांखालच्या गर्दीत वैताग खूप होतो, पण तो वजनाचा नव्हे.

माझ्या वडिलांचं जांभळी नाक्याजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. काळ्या, दांड्याच्या, वीस किलोंच्या वरच्या सायकली. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लावून न्यायचे. वजनाबद्दल वडील कधी अवाक्षर बोलले नाहीत. सायकल परत आली की पहिला हात टायरवर, दुसरा चेनवर. मला त्या वयात वाटायचं, हे किती साधे प्रश्न विचारतात.

तर टायर. तुमच्या चाकांचं माप टायरच्या बाजूवर लिहिलेलं असेल, २६ किंवा २७.५. त्या मापात दीड-पावणेदोन इंची गुळगुळीत टायर मागा. जोडी ट्यूबसकट दोन हजारांच्या आतबाहेर बसते. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत, तुमच्या वजनाला पन्नास-साठ पीएसआय, आणि दर आठवड्याला मीटर असलेल्या पंपाने. अंगठ्याने दाबून "आहे की" म्हणणं ही मोजणी नव्हे. एक सावधगिरी : येऊरच्या जंगलातल्या मातीच्या वाटांवर हे टायर घसरतात. तिकडे जात असाल तर दाते ठेवा.

आता तुमच्या पत्रातली माझी सगळ्यात आवडती ओळ : "डावीकडचा गिअर १ वर जात नाही एवढंच, पण तो मी वापरतच नाही."

अहो, तो वापरत नाही म्हणूनच तुम्ही शेवटच्या आहात!

तुमच्यासारख्या २१ गिअरच्या सायकलींना पुढे सहसा तीन चकत्या असतात, २४, ३४ आणि ४२ दात्यांच्या. मागे सगळ्यात मोठी २८ ची. डावा गिअर २ वर अडकला म्हणजे तुम्ही ३४ वरूनच चढताय. त्या जोडीत पायडलच्या एका फेऱ्याला २६ इंची सायकल अडीच मीटर पुढे जाते. १ वर, म्हणजे २४ च्या चकतीवर, पावणेदोन मीटर. एकाच वेगाने चढताना पहिल्या जोडीत मिनिटाला पन्नास फेरे मारत असाल, तर दुसरीत सत्तर माराल, आणि प्रत्येक फेऱ्याला पायावरचा दाब तीस टक्क्यांच्या आसपास कमी होईल. तीस टक्के! तिकडे बासष्ट हजारांत सहा मिळत होते. गुडघ्यांचं दुखणं यातलंच असावं. महिनाभरात थांबलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मला नको.

चढावर सायकल खेचू नये, पाय भराभर फिरवावेत. पहिले दोन आठवडे विचित्र वाटेल. आपण कुत्र्याला घाबरून पळतोय असं वाटतं. मग सवय होते.

बिघाड काय असेल? बहुतेक केबल गंजून नळीत अडकली असेल. पाच पावसाळे झालेत. केबल, बाहेरची नळी, सेटिंगची मजुरी, सगळं तीनशे-चारशेत. चकती वाकली असली तर थोडं जास्त. त्याच फेरीत ओव्हरहॉलिंग करून घ्या, हबचे छर्रे बघायला सांगा, चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या. आणि सीटची उंची. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात म्हणून सुरक्षित वाटतं, पण तशा सीटवर येऊर चढणं म्हणजे उकिडवं बसून जिना चढणं.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत. यानंतरही तुम्ही शेवटच्या असाल, तर तो पायांचा प्रश्न, आणि पाय त्याच रस्त्यावर तयार होतात.

ग्रुपमधल्या ज्यांच्याकडे कार्बनच्या सायकली आहेत ते याला हसतील. जगातल्या मोठ्या शर्यतींत ६.८ किलोंपेक्षा हलकी सायकल चालत नाही. २००० सालापासून तसा नियम आहे. तिथे सेकंदाच्या भागावरून बक्षीस जातं, म्हणून ग्रॅम मोजतात. येऊरला वर पोहोचल्यावर बक्षीस म्हणून कटिंग मिळतो, आणि तो शेवटच्यालाही मिळतो.

आता जिना. इथे मी माझाच सगळा हिशेब फिरवणार आहे.

चढावर वजनाचा विसावा भाग तुमच्या वाट्याला येतो म्हटलं. जिन्यात वीसच्या वीस भाग येतात. चाक नाही, रस्ता नाही, सगळी सायकल एका खांद्यावर. सोळा किलो म्हणजे सोळा किलो, तेही लांबट, वळणावर भिंतीला घासणारे, पायडल पोटरीला मारणारे. येऊर आठवड्यातून दोनदा, जिना रोज. नवी सायकल रस्त्यावर सहा टक्क्यांनी हलकी वाटेल, जिन्यात तेहतीस टक्क्यांनी. हलक्या सायकलवर पैसे घालायला याहून खरं कारण मला माहीत नाही, आणि दुकानदाराला ते सुचलं नाही. जिन्याच्या कंटाळ्याने सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली असं मी किमान दहा घरांत बघितलंय. सायकल वापरात राहण्याचा प्रश्न असेल तर तिथे किलो मोजावेत.

तरी ६२ हजारांची नको. आधी सोसायटीला लेखी अर्ज करा. तोंडी विचारलं की "नाही" म्हणायला कुणाचं काही जात नाही. कागद आला की सभेत वाचावा लागतो. जिन्याखाली भिंतीत एक कडी आणि साखळी, एवढी जागा बहुतेक जुन्या इमारतींत असते. ते जमलं तर तीच सायकल, टायर-गिअर करून, आणखी पाच वर्षं चालेल.

नाहीच जमलं तर दोन महिने थांबून साधी, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची, पुढे शॉकअप नसलेली हायब्रिड घ्या. तीस हजारांच्या आसपास बारा-साडेबारा किलोंची मिळते. स्वस्त सायकलींचा तो स्प्रिंगचा शॉकअप एकटाच अडीच किलोंच्या घरात असतो. साधा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा स्प्रिंग नसलेला दांडा, त्यापेक्षा किलो-दीड किलोने हलका, आणि चढावर तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जात नाही. फक्त गिअर मोजून घ्या. हलक्या सायकलींना पुढे पुष्कळदा एकच मोठी चकती असते, सेहेचाळीस दात्यांची वगैरे. मागे चौतीसची असली, तरी तुमच्या आत्ताच्या अडकलेल्या गिअरपेक्षाही ती जोडी जड पडते. सायकल हलकी आणि पायडल जड, असा सौदा होऊन बसेल. पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठीपेक्षा लहान हवी, एवढं दुकानात उभ्या उभ्या दाते मोजून बघा.

माझ्या ७२ हजारांच्या सायकलचं पुढे काय झालं? ती आता सुनेकडे आहे. ते राहतात चौथ्या मजल्यावर. मी जुनीच चालवते.

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, वजन २६ किलो. वाढदिवसाला त्याने हट्टाने पुढे-मागे शॉकअपवाली, जाड टायरची सायकल घेतली. आता हात लावत नाही, "पाय दुखतात" म्हणतो. आळशीपणा आहे की सायकल जड आहे? काटा १४.५ किलो दाखवतो. आता दुसरी हलकी घेणं म्हणजे लाड होतील का?

उत्तर : आळशी नाही तो. वरच्या पत्रात मी हलक्या सायकलवरून एवढं ओरडले, ते मोठ्यांसाठी. मुलांचं गणित अगदी उलटं आहे.

त्याची सायकल त्याच्या वजनाच्या ५६ टक्के आहे. तुमचं वजन ७० असेल तर तुमच्या हातात ३९ किलोंची सायकल द्यायला हवी, म्हणजे बरोबरी होईल. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तो उचलून बघा आणि त्यात आणखी नऊ किलो मनाने घाला, मग सेक्टरच्या गार्डनला चक्कर मारायला निघा.

मोठ्यांची सायकल तीन किलोंनी कमी केली तर एकूण वजनात तीन-साडेतीन टक्के फरक पडतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत साडेसात टक्के. शिवाय त्याला ती पडल्यावर उभी करायची असते, फुटपाथवर चढवायची असते, वळवून लावायची असते. आणि मुलं जोर लावतात तेव्हा मागचा शॉकअप खालीवर नाचतो. पायडलचा काही जोर त्यातच जातो. ते शॉकअप त्याला मोटरसायकलसारखे दिसतात म्हणून हवे होते, हे मला माहीत आहे. माझ्याही मुलाला हवे होते.

विकून टाका. वापरली नसेल तर बरी किंमत येईल. नवीन घेताना साधा चिमटा, अॅल्युमिनियमची फ्रेम, गिअर नसले तरी चालतील. ऐरोलीसारख्या सपाट भागात नऊ वर्षांच्या मुलाला सात गिअर कशाला? ब्रेकची दांडी त्याच्या बोटांत येते का ते मात्र बघा. दहा किलोंच्या आत मिळाली तर उत्तम. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका, ती त्याला आणखी जड पडते. कॅरिअर, बास्केट, साइडची चाकं घरी आल्यावर काढून टाका. त्याला स्वतःला सायकल दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवता आली पाहिजे. दुकानात हीच परीक्षा घ्या, आणि रंग त्याला निवडू द्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नेरुळला राहतो. रोज पहाटे पाम बीच रोडवर वाशीपर्यंत जाऊन येतो. सायकल १३ किलोंची. एक परिचित त्याची तीन वर्षं वापरलेली ८ किलोंची कार्बनची सायकल विकतोय. पाच किलो कमी म्हणजे वेग वाढेल ना?

उत्तर : पाम बीचवर? नाही वाढणार. तो रस्ता ताटासारखा सपाट. तिथे तुम्ही लढता ते खाडीवरच्या वाऱ्याशी. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडसर चौपट होतो, आणि ताशी पंचवीसच्या पुढे तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हवेला सायकलचं वजन कळत नाही, तुमची छाती केवढी रुंद आहे ते कळतं. कोपर वाकवून थोडं खाली झुका, फडफडणारा विंडचीटर काढून अंगाला बसणारा घाला. फरक त्याच दिवशी दिसेल. पाठ परवानगी देईल तेवढंच झुका, ते वयाला धरून.

जुनी कार्बनची सायकल परिचिताकडून घेणं हा आणखी वेगळा विषय. पोलाद वाकतं, अॅल्युमिनियमला पोचा पडतो, ते डोळ्याला दिसतं. कार्बनला आतल्या आत तडा जाऊन वरून रंग शाबूत राहू शकतो. ती कधी आपटली होती का, हे परिचित खरं सांगेलच असं नाही. त्याला आठवतही नसेल. जाणकाराकडून फ्रेम, चिमटा आणि सीटची नळी बाहेर काढून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पारसिक हिल रोज चढत असतात तर थोडा विचार करा म्हटलं असतं.

प्रश्न : कौतुकाने ११ किलोंची सायकल घेतली. स्टेशनबाहेर लावायची म्हणून चांगलं कुलूप बघतोय, तर तेच पावणेदोन किलोंचं! मग हलक्या सायकलचा उपयोग काय? अर्धा किलोची केबल चालेल का? — एक वाचक, कळवा

उत्तर : केबल तार कापायच्या कातरीने चहा निवायच्या आत कापली जाते. जड कुलूपच घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून लोखंडी खांबाला लावा. रोज एकाच स्टेशनवर लावत असाल तर कुलूप घरी आणूच नका. रात्री खांबालाच अडकवून ठेवा, किल्ली खिशात. पावसाळ्यात किल्लीच्या भोकात तेलाचा थेंब सोडत जा.